सहायकाची कामे

"हे काय आहे?" नागासे साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"माझ्या कामाची माहिती. माझ्या जागी येईल त्याच्यासाठी," कुरेबायाशीबाई म्हणाल्या.

"एकच पान? दहा वर्षं हेलियमचं यंत्र सांभाळलंत आणि लिहिलंय काय, तर लादी पुसणे, नोंदी ठेवणे, काचसामान धुणे! चेष्टा लावलीय का?"

"करारात तेवढंच आहे, साहेब. पद सहायक. करार समोर ठेवूनच लिहिलं मी."

सगळी खोली कामात असल्याचे सोंग करत होती. मीही. हेलियम वायू थंड करून द्रवरूप करणारे ते यंत्र थांबले की आमच्या सरकारी प्रयोगशाळेतले सहा प्रयोग थांबतात. ते केव्हा रुसते आणि कुठली झडप किती फिरवली की ताळ्यावर येते, हे फक्त या बाईंना ठाऊक होते. मी डॉक्टरेट केलेला, कायम नोकरीतला इंजिनियर. मला ठाऊक नव्हते.

कंत्राटी माणसाने दहा वर्षे ओलांडली की त्याला कायम नोकरी मागता येते. म्हणून ती भरतात त्याच दिवशी, एकतीस मार्चला, त्याला नारळ द्यायचा. बाईंचा तो दिवस आज होता. जानेवारीच्या बैठकीत साहेबांनी विचारले होते, "बाईंबद्दल कुणाला काही म्हणायचंय?" मी हातातले पेन न्याहाळत बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

दुपारी बाई मिठाईचा खोका घेऊन टेबलाटेबलाशी आल्या. निरोपाची मिठाई जाणाऱ्यानेच वाटायची असते, हाकललेल्यानेसुद्धा. "इतकी वर्षं सांभाळून घेतलंत," असे म्हणत त्या प्रत्येकापुढे सारख्याच वाकत होत्या. माझ्यापाशी मात्र थांबल्या.

"घ्या ना, इकुतासान. लाल घेवड्याच्या सारणाचं आहे. तोंडात काही असलं की गप्प बसणं सोपं जातं."

मी घेतले. नाही कसे म्हणणार?

साडेचारला भिंतीपलीकडे यंत्राचा सूर घसरला. आम्ही अकराही जणांनी सवयीने बाईंकडे पाहिले. त्या टेबलाचा खण रिकामा करत होत्या.

साहेब दारात आले. सकाळचा तोरा उतरला होता. "कुरेबायाशीबाई, जरा बघता का? एवढं एकदाच."

"लादी पुसून झालीय, साहेब."

"अहो, सहा महिन्यांचं काम वाया जाईल!"

"माझी दहा वर्षं गेली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

यंत्र आणखी घरघरले. बाईंचा उजवा हात आपोआप उठला, बोटे झडप धरावी तशी वळली. त्यांनी तो डाव्या हाताने पकडला, मांडीवर दाबून धरला आणि सव्वापाचला कामाची वेळ संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.