चित्राची तीट

पुलगावच्या कृष्णकांत चित्रकाराला गिऱ्हाइकांचा जेवढा तिटकारा होता, तेवढा खाटेतल्या ढेकणांचाही नव्हता. चित्र कितीही साधलेलं असो, गिऱ्हाईक मान वाकडी करणार आणि खोट काढल्याशिवाय उठणार नाही. लक्ष्मीचं नाक आमच्या वहिनीसारखं करा म्हणे! म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. बाळाला लावतात तशी तो प्रत्येक चित्राला तीट लावायचा. एक ढळढळीत चूक मुद्दाम ठेवायची. गिऱ्हाईक तिच्यावर तुटून पडायचं, शहाणपण मिरवायचं आणि बाकीचं चित्र सहीसलामत सुटायचं. मग चूक पुसून टाकायची आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागे पोटभर हसायचं.

यंदा हिरालाल सरकीवाल्याला कॅलेंडर हवं होतं. बैलबंडी आणि तीवर कापूस. ते नागपूरला छापायचं होतं, आणि तिथल्या छापखान्याचा मालक शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रकार शोधत होता. ते काम मिळालं की असल्या सरकीवाल्यांची तोंडं पाहायला नकोत. कृष्णकांतने जीव ओतून चित्र काढलं, ठसठशीत सही केली आणि तीट म्हणून बैलाला गाईसारखी भरलेली कास काढली.

हिरालालने चित्र पाहिलं आणि हात जोडले.

"लय सुंदर आहे जी."

"नीट पाहा."

"पाह्यलं ना जी."

बैल आणि गाय न कळणारा गाढव, कृष्णकांत मनात म्हणाला. घरी कोणीतरी दाखवून देईल, मग येईल धावत. आपण होऊन चूक सांगायची त्याला लाज वाटली. पण हिरालाल चित्र घेऊन त्याच संध्याकाळच्या गाडीने नागपूरला गेला.

पंधरवड्याने तो आला तो कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊनच. कास जशीच्या तशी छापली होती आणि खाली सही.

"छापखान्याचा मालक हसून राह्यला होता," हिरालाल सांगू लागला. "म्हने, बैलाले कास? पुसून टाकतो. आता दिसली तर मले बी होती. पन म्या म्हनलं, कृष्णकांतभाऊनं काढली म्हंजे काही समजूनच काढली असन. हात नाई लावाचा. लय भांडलो जी त्याच्यासंगं. मंग म्हने, असा चित्रकार पोराईच्या पुस्तकाले काय कामाचा? म्या म्हनलं, तुले चित्रातलं काय समजते?"

कृष्णकांतने हातातलं कॅलेंडर पालथं करून ठेवलं.

"बरोबर केलं ना जी?"

त्याला खरं सांगायचं, तर ती कास कोणाला मूर्ख समजून काढली होती, तेही सांगावं लागलं असतं.

"बरोबर केलं," तो म्हणाला.