एक जास्तीचं

"म्हणजे एकवीस नंबरचंच ना, मॅडम?" महेंद्रनं विचारलं. "माह्या पोरीतबी एकवीस नंबरचंच जास्त हाय."

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर थांबलं. नागपूरच्या त्या दवाखान्यात एवढा वेळ त्या रेघा काढून समजावत होत्या. महेंद्रला रक्ताचा कर्करोग होता आणि त्याच्या बिघडलेल्या पेशींत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा दिसत होतं. मोठ्या माणसाच्या या आजारात दुसरा कुठलाच बिघाड नसताना नेमकं एवढंच सापडणं फार दुर्मिळ, असं त्या म्हणाल्या होत्या. औषधाची पहिली फेरी होऊन गेली होती आणि रोग हटला नव्हता.

"मुलीला डाउन सिंड्रोम आहे?"

शेजारी बसलेल्या ज्योत्स्नानं, महेंद्रच्या बायकोनं, मान हलवली. रीना तेरा वर्षांची. घरी, बालाघाटला, आजीपाशी ठेवून आले होते तिला.

"दोन्हींचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "मुलीला ते जन्माआधीपासून आहे, अंगातल्या प्रत्येक पेशीत. तुमच्यात ते फक्त या आजारी पेशींत, तेही अलीकडे आलेलं. तुम्ही ते तिला दिलेलं नाही."

ज्योत्स्नानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मॅडम, एक विचारू? हसू नका." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "पोटुशी बाईनं ग्रहणात विळी हातात घेतली, तर असं होते का?"

बाई हसल्या नाहीत. "नाही हो. ते कोणाच्याच हातात नसतं."

महेंद्रनं वळून बायकोकडे पाहिलं. कधी पाहिलं नसेल इतका वेळ पाहत राहिला.

ज्योत्स्ना तुमसरच्या मास्तरांची लेक. ग्रहण म्हणजे सावली, यापलीकडे त्यात काही नाही, हे बापानं कंदील आणि लिंबू घेऊन शिकवलेलं. सासू तुळसाबाईंना अख्खी बुद्धवंदना तोंडपाठ, विहारात त्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत; पण ग्रहण लागलं की घरातली सुरी, कात्री, विळी सगळं लपवायच्या. ज्योत्स्नाला चौथा महिना होता तेव्हा संध्याकाळचं चंद्रग्रहण आलं. सासूनं तिला खाटेवर हातपाय न हलवता पडून राहायला सांगितलं. ही हसली. सगळ्यांदेखत विळी पुढ्यात ओढून हिनं कोहळं चिरलं, भाजी केली आणि दोनदा वाढून घेतली. वयच तसं होतं, अंगात मस्ती होती.

पुढं रीना झाली.

तुळसाबाई कधी आरडाओरडा करायच्या नाहीत. लग्न असो, बारसं असो, कोणी रीनाकडे टक लावून बघितलं की त्या शांतपणे एवढंच म्हणायच्या, "गिऱ्हाणात कोहळं चिरलं ना हिनं." ऐकणारी बाई जिभेनं चक्‌ करायची आणि ज्योत्स्ना ताटं उचलायला लागायची.

आणि महेंद्र? तो बालाघाट-बैहर बसचा कंडक्टर. दिवसभर दारात लटकून "उकवा, बैहर, उकवा, बैहर" असा गळा ताणायचा. बसच्या पत्र्यावर त्याची एक थाप पडली की गाडी थांबायची, दोन पडल्या की सुटायची. घरात पाऊल टाकलं की मात्र तोंडाला कुलूप. बायको रडली तर म्हणायचा, "माय म्हातारी हाय, सोड ना." त्या म्हाताऱ्या होण्याच्या आधीपासून म्हणत होता.

ज्योत्स्नानं सोडलं. पण त्यानंतरच्या प्रत्येक ग्रहणाला ती स्वतःच विळी उचलून माळ्यावर ठेवू लागली. कोणी सांगितलं नव्हतं. बापाचं लिंबू आठवायचं, तरी हात वर जायचाच. हे तिनं महेंद्रला सांगितलं नव्हतं, माहेरी सांगितलं नव्हतं, आणि आज नागपुरात एका परक्या बाईसमोर तोंडातून निसटलं होतं.

परतीच्या प्रवासात गोंदियाला गाडी बदलताना महेंद्र म्हणाला, "तुले खरंच वाटत होतं?"

"रोज नाही," ती म्हणाली.

तो बालाघाट येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

घरी आल्यावर रविवारी माणसं भेटायला आली. अंगणात खुर्च्या मांडल्या, महेंद्रला खाटेवर उशीला टेकवून बसवलं. बसचा ड्रायव्हर दुलीचंद आला होता, वॉर्डातल्या चार बायका होत्या. रीना बापाच्या पायाशी बसून खाटेच्या लाकडावर थापा मारत बस सोडत होती. कोणीतरी म्हणालं, इतक्या भल्या माणसाले असं काहून व्हावं? तुळसाबाईंनी डोळे पुसले.

"या घराले लागलं थे तवापासूनच लागलं बाई. गिऱ्हाणात..."

"माय!"

बसस्टँडवरचा आवाज होता तो. अंगणातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. एवढ्यानंच त्याला धाप लागली. थांबला, पुन्हा बोलला.

"आयका सारेजण. नागपूरच्या डॉक्टरनं माह्यं रक्त तपासलं. रीनात जे एक जास्त हाय ना, थेच माह्यात निंगालं. माह्याच रक्तातून गेलं तिले. कोहळ्याचं काही नाई. ज्योत्स्नाचा काही दोष नाई. आजपासून हिले कोनी बोलायचं नाई."

ज्योत्स्नाच्या हातात चहाचा ट्रे होता. हे खोटं आहे, हे त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होतं. तेरा वर्षं ज्या एका वाक्यासाठी ती झुरली ते शेवटी आलं होतं, आणि आलं ते असं. तिला त्याचा संताप आला, आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटलं.

"अहो, डॉक्टरबाई तर..."

महेंद्रनं खाटेच्या लाकडावर तळहात आपटला. एकच थाप. ती थांबली.

"हौ बाबा, रिपोर्टच सांगते तं," दुलीचंद खाली बघत म्हणाला. तुळसाबाई लेकाकडे बघत राहिल्या आणि मग उठून आत गेल्या.

थंडी सरता सरता महेंद्र गेला. दुसरी फेरी त्याच्या अंगाला झेपली नाही.

त्यानंतर घरात कोहळ्याचं नाव कोणी काढलं नाही. वॉर्डातल्या बायका ज्योत्स्नाशी मऊ बोलू लागल्या. तुळसाबाई मात्र खंगत चालल्या. विहारातला त्यांचा आवाज बसला. रीनाच्या केसांत तेल घालता घालता हात थांबायचा आणि पोरीच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या.

फाल्गुनाच्या पौर्णिमेला चंद्र उगवला तो ग्रहणातच. ज्योत्स्नाचा हात सवयीनं विळीकडे गेला, तर जागेवर विळी नव्हती. ती अंगणात आली. महेंद्रच्या रिकाम्या खाटेवर रीना बस खेळत होती आणि खाली जमिनीवर, त्या तांबूस, मळकट चंद्रासमोर उघड्यावर बसून तुळसाबाई कोहळं चिरत होत्या.

"आई, काय करून राह्यल्या?"

"चिरून राह्यली. आता काय व्हायचं बाकी हाय?" त्यांनी पुढची फोड विळीवर धरली. "तुले उगाच बोलली वं मी इतके वर्षं. त्याच्या रक्तातून गेलं म्हंतो, तं त्याच्यात कुठून आलं? माह्याच पोटातून ना."

सासू कधीतरी अशी नमावी, असं ज्योत्स्नानं किती वेळा मनात मागितलं होतं. आता समोर होतं तर बघवेना. ती खाली बसली.

"आई, थे खोटं बोलले. डॉक्टरबाईनं सांगितलं होतं, कोणापासूनच नाही आलं. तुमच्यापासून नाही, त्यांच्यापासून नाही. मले बोल लागू नये म्हणून बोलले थे."

तुळसाबाईंनी मान वर केली. आजवर त्यांनी ज्योत्स्नाकडे इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं.

"मले बरं वाटावं म्हणून सांगतं काय? खोटं बोलाले आदी बोलावं तं लागते, पोरी. जलमात थो एकदाच बोलला. थे काय खोटं असन?"

"खरंच आई, मी तिथंच होती, डॉक्टरबाईनं..."

खाटेवरून थाप पडली. एकच. रीनानं बस थांबवली होती.

ज्योत्स्ना थांबली. तिनं परात जवळ ओढली आणि सासू कापेल त्या फोडींतल्या बिया काढू लागली.