फांद्यांखाली न गेलेला ट्रॅक्टर

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. पण माझे मीटर पाहाल तर नवाच म्हणाल. मित्रांनो, इतके कमी काम करून म्हातारा झालेला ट्रॅक्टर शोधून सापडायचा नाही. हे मिरवायला सांगत नाही, लाज वाटते म्हणून सांगतो.

मला घ्यायला फळबागेचे मालक आणि मालकीणबाई आले होते. झाडांवर औषध फवारून फवारून मालकांच्या छातीत खोकल्याने ठाण मांडले होते. त्यांनी बोट ठेवले ते एका बुटक्या, उघड्या ट्रॅक्टरवर आणि त्याच्यामागे जोडायच्या फवारणी यंत्रावर.

"हे यंत्र घेतलं की पाठीवरचा पंप सुटला," ते म्हणाले.

"आणि औषध पुन्हा तुमच्याच नाकात! काही नको. तुम्ही काचेच्या आत बसायचं. यंत्र पुढच्या वर्षी घेऊ, तोवर भाड्यानं आणू," बाईंनी निकाल दिला.

केबिनचा ट्रॅक्टर आणि यंत्र, दोन्हींचा खर्च एकदम झेपणार नव्हता. मालक कुरकुरले, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी पाहून तयार झाले. अशा रीतीने गार हवेची केबिन मिरवत मी बागेत आलो.

माझी उंची त्यांनी आधी मोजली होती बरं का! बांबूवर खूण करून दोघे सगळ्या ओळी फिरले होते. पण तेव्हा पानगळ होती. फळे भरली तशा फांद्या वजनाने हातभर खाली आल्या. पहिल्याच फवारणीला मी ओळीत शिरलो आणि माझ्या केबिनने दोन फांद्या कडाकड मोडल्या. हिरवी फळे टपावर आदळली. मालकांनी मला मागे घेतले, भाड्याचे यंत्र सोडवले आणि पाठीवर पंप अडकवून चालत निघाले.

तीन हंगाम मी शेडमध्ये उभा राहून त्यांचा खोकला ऐकला. मग त्यांचे चालणेही थांबले. धाप लागली की बाई मला अंगणात आणून केबिनमध्ये त्यांना बसवत, कारण आत धूळ नसे.

"मीच हट्ट केला हो," त्या पायरीवर बसून म्हणत.

"माझ्यासाठीच केलास ना? एसी वाढव जरा," ते म्हणत आणि सीटवरच झोपी जात.

त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, केबिन कापून काढतो. मग जाईल हा झाडांखाली."

"हात लावू नकोस. त्यांना सुखाची झोप इथंच लागायची," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंप स्वतःच्या पाठीवर घेतला.

मित्रांनो, यंत्रे तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. मी उलटे मागतो. मला जपू नका. कोणीतरी बाईंना समजवा, माझ्या काचा फोडा, माझे छप्पर कापा. आज सकाळी काच पुसता पुसता त्या दोनदा थांबून खोकल्या.