सरकवलेली खुर्ची

परीक्षा चिमणीची होती, पण घाम ताईला फुटला होता.

ताई कॉम्प्युटर विभागात तिसऱ्या वर्षाला होती. पहिल्या वर्षाच्या पोरांना धीर द्यायचा, अडलं तर वाट दाखवायची, म्हणजे ती घाबरून अर्ध्यातच शिक्षण सोडून जाणार नाहीत, असं मेंटॉरचं काम तिच्याकडे होतं. त्या कामाचा एकच कडक नियम होता. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला मेंटॉरने बोट लावायचं नाही. शेजारी उभं राहायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त प्रश्न विचारायचे. त्यामुळे सगळे मेंटॉर लॅबमधून तपासणीला आलेल्या साहेबांसारखे फिरायचे, आणि पोरं त्यांची मनसोक्त टिंगल करायची.

ताईने हा नियम धाब्यावर बसवला होता. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, झालं ते कळवळ्यापोटी.

चिमणीचा आवाज एवढा बारीक, की हजेरीला ती ‘हजर’ म्हणाली तरी गैरहजेरी लागायची. म्हणून ती चिमणी. मामाच्या घरी वाढलेली पोर. ती कॉलेजला निघतानाच मामाने बजावलं होतं, ‘हा विषय सुटला नाही, तर मुकाट्याने घरी ये आणि दुकानात बस.’ त्यामुळे स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल ओळ उमटली, की तिचे डोळे भरून यायचे. ताईला ते बघवायचं नाही. गेल्या वर्षी तिच्याच गटातला एक मुलगा असाच रडवेला होऊन लॅबमधून उठून गेला होता. तो पुन्हा दिसला नाही, त्याचा फोनही कधी लागला नाही. तेव्हापासून ताईने मनाशी खूणगाठ बांधली होती, की आता आपल्या गटातलं कोणी गळू द्यायचं नाही. मग काय, ‘सरक जरा, मी बघते,’ म्हणायचं, खुर्चीत बसायचं, लाल ओळ झटकन घालवायची आणि उरलेला प्रोग्रामही बडवून द्यायचा. ‘होईल गं, मी आहे ना!’ चिमणी हसायची आणि ताई खुशीत घरी जायची.

आज ते सगळं अंगाशी येणार होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत कोणी अडलं तर मेंटॉरला बोलावता यायचं, पण प्रश्न विचारण्यापुरतंच, आणि तेही सरांच्या डोळ्यांदेखत. सरांना सगळे ‘हूं सर’ म्हणायचे, कारण कोणी पहिलं आलं काय किंवा जिन्यावरून पडलं काय, त्यांच्या तोंडून ‘हूं’च्या पलीकडे फारसं काही निघायचं नाही.

लॅबभर कीबोर्डचा खडखडाट चालला होता. फक्त चिमणीच्या टेबलाशी शांतता होती. ताई भिंतीला टेकून मनात म्हणत होती, हात वर करू नकोस. लगेच वाटे, कर गं बाई, नाहीतर बसशील तशीच आणि जाशील त्या मुलासारखी.

चिमणीने हात वर केला.

ताई जड पायांनी तिच्यापाशी पोचली. आणि ती काही विचारायच्या आत चिमणीने रोजच्या सवयीने खुर्ची बाजूला सरकवली, हात मांडीवर घेतले आणि जागा करून दिली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. सगळ्या माना वळल्या.

सर जवळ आले. “खुर्ची का सरकवलीस?”

“ताई बसते ना इथे,” चिमणी म्हणाली. तिच्या बारीक आवाजातलं ते वाक्य नेमकं सगळ्यांना ऐकू गेलं.

ताईचे कान तापले. काहीतरी सारवासारव करता आली असती. पण तिची जीभच रेटेना. “सर, हिचे आतापर्यंतचे सगळे प्रोग्राम मी लिहिलेत. तिला काही येत नसेल, तर ती चूक माझी आहे.”

“हूं.” सरांनी घड्याळाकडे बघितलं. “उद्यापासून तू मेंटॉर नाहीस. आज आहेस. विचार तिला.”

ताईने चिमणीसकट खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि हात पाठीमागे बांधले. बोटं बोटांत गच्च अडकवली. “लाल ओळीत काय लिहिलंय?”

“ते वाचायचं असतं?”

“म्हणजे?”

“मला वाटलं, ते फक्त घालवायचं असतं. तू लगेच पुसायचीस ना.”

ताईच्या काळजात चर्र झालं. इतके दिवस आपण हिला काय शिकवलं, तर घाबरायला आणि सरकायला. “वाच,” ती कशीबशी म्हणाली.

चिमणीने अडखळत वाचलं. कंस उघडलाय, पण बंद केलेला नाही. ती प्रोग्रामची एकेक ओळ बघत वर गेली, कंस सापडला, तिने तो बंद केला. लगेच दुसरी लाल ओळ आली. तिचे डोळे भरले. ताईची बोटं पाठीमागे वळवळली, पण सुटली नाहीत. चिमणीने नाक पुसलं आणि दुसरी ओळ वाचायला घेतली.

प्रोग्राम अर्धाच झाला आणि वेळ संपली. ती नापास होणार, हे सरांनी तोंड उघडायच्या आतच दोघींना कळलं होतं.

बाहेर व्हरांड्यात चिमणीने मामाला फोन लावला. “मामा, नाही झालं.” पलीकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मग तिने ताईकडे बघितलं. “मामा विचारतोय, पुरवणी परीक्षेत तरी होईल का?”

‘होईल गं, मी आहे ना,’ ताईच्या ओठांवर आलं. ते तिने गिळलं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. एवढी भीती तिला लॅबमध्येही वाटली नव्हती.

“माहीत नाही, मामा,” चिमणी फोनवर म्हणाली. “पण चूक काय झाली ते आता वाचता येतं मला.”

मग पलीकडून काहीतरी त्रोटक आलं आणि फोन बंद झाला.

“पुरवणीपर्यंत थांब म्हणाला. नंतर बघू म्हणाला.”

“मी बसू का तुझ्याबरोबर? मेंटॉर म्हणून नाही, अशीच.”

चिमणीने मान हलवली. ती नाही म्हणत होती. ती रिकाम्या लॅबमध्ये परत गेली, आपल्या जागेवर बसली आणि तिने खुर्ची पुढे ओढली, अगदी टेबलाला चिकटेपर्यंत. ताई दारातच उभी राहिली. तिचे हात अजून पाठीमागेच होते.