बारा अंशांचा फ्रीज

मी जुना फ्रीज आहे खरा, पण मित्रांनो, माझ्या पोटात दूध नि कोथिंबीर शोधू नका. मी बिअर पिकवणारा फ्रीज आहे. नाक मुरडू नका. जवाच्या गोड पाण्यात यीस्ट सोडायचं, त्याला हवं तेवढंच गार ठेवायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. पण हे गप्प बसणं किती अवघड असतं, ते माझ्याकडून ऐका.

मेरीबरो गावात व्हर्न पास्कोच्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं काढली. मग कोरलने, म्हणजे त्याच्या बायकोने, दोन दारांचा नवा फ्रीज आणला आणि माझी रवानगी मागच्या टिनाच्या शेडमध्ये झाली. मला वाटलं, संपलं सगळं! पण व्हर्न रेल्वेच्या कारखान्यातला फिटर. निवृत्त झाला तरी त्याचे हात रिकामे बसत नव्हते. घरी बिअर करायचा त्याला भारी नाद, पण आमच्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात शेडमध्ये पत्रा तापला की त्याची बिअर आंबट तरी व्हायची, नाहीतर नेलपॉलिशसारखा वास मारायची. शेजारचा डेस पहिला घोट घेऊन म्हणायचा, "व्हर्न, हिने गाडीचा रंग निघेल रे."

या डेसनेच मला दुसरा जन्म दिला. तो इलेक्ट्रिशियन. चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे दिवे त्याने लावले होते. व्हर्नने माझे कप्पे काढले, दाराच्या आतली फळी कापली, तळाशी जाड प्लायवूड बसवलं. डेसने मला एक करडा डबा जोडला, ठरवलेल्या अंशावर मला चालू-बंद करणारा. त्या डब्यातून एक बारीक वायर निघे आणि तिच्या टोकाला तापमान हुंगणारं धातूचं बोटभर नाक. ते नाक हवेत लोंबकळत ठेवायचं नाही, बिअरच्या पिंपालाच चिकटवायचं आणि वरून फोमचा तुकडा बांधायचा. कारण यीस्ट काम करताना स्वतःच तापतं. हवा गार आणि पिंप गरम, असं फसवं गणित चालत नाही.

डेस एकेक वायर तीनतीनदा ओढून बघत होता.

"अरे लेका, वायर जोडतोयस की पोरीचं लग्न जमवतोयस?" व्हर्न वैतागला.

"थांब की जरा. आणि हे बघ, एकदा बंद झाला की पाच मिनिटं दम खाऊ दे त्याला. लगेच चालू केलास तर म्हाताऱ्याची छाती फुटेल."

मित्रांनो, माझ्या छातीची काळजी करणारा तो पहिला माणूस! थंडीच्या दिवसांसाठी त्याने कुंडीखाली झाकलेला एक दिवासुद्धा आत बसवून दिला, म्हणजे ऊब मिळेल आणि उजेड बिअरवर पडणार नाही. नऊ वर्षं मी बारा म्हटलं की बारा अंश राखले. गावातल्या क्लबातले लोक व्हर्नची पाठ थोपटायचे आणि व्हर्न माझ्या दारावर थाप मारून म्हणायचा, "सगळी करामत याची, आणि त्या डेसच्या डब्याची." काय फुगायचो मी!

गेल्या डिसेंबरात व्हर्नने खास बिअर घातली. डेस आणि मर्ल यांच्या लग्नाला वीस जानेवारीला पन्नास वर्षं होणार होती. "पार्टीची बिअर माझ्याकडून," व्हर्नने कुंपणावरूनच जाहीर केलं. डेसचा चेहरा खुलला. बिचाऱ्याचे हात गेल्या वर्षापासून थोडे थरथरायला लागले होते. चहाचा कप उचलताना तो दुसरा हात खाली धरायचा. कुणी बघितलं की म्हणायचा, "कप जड करतात हल्ली."

बिअरचा पाचवा दिवस आणि नाताळची आदली संध्याकाळ. मुलं-नातवंडं येणार, घरातला फ्रीज हॅम आणि केकने गच्च भरलेला. कोरल पाच किलो कोळंबी घेऊन उभी.

"हिला कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर?"

"आण इकडे. एका रात्रीचा तर प्रश्न आहे," व्हर्न म्हणाला.

आणि त्याने काय करावं? पिंपाला चिकटवलेलं नाक ओरबाडून काढलं, हवेत लोंबकळत सोडलं, डब्यावर बाराचे दोन केले आणि पिंपाशेजारी कोळंबी रचली! अहो, यीस्ट म्हणजे जिवंत गोष्ट. मी गारठत गेलो आणि यीस्ट बिचारं झोपून तळाला बसलं. दुसऱ्या दिवशी कोळंबी गेली, पण व्हर्नला आकडा बदलायची आठवण राहिली नाही. क्रिकेटची कसोटी लागली होती ना! चार दिवसांनी तो आला, आकडा पुन्हा बारावर नेला, नाक चिकटवलं. पिंपातून बुडबुडे येत नव्हते. आठवडाभर वाट पाहून तो म्हणाला, "झालेली दिसते." साखर किती उरली ते काचेच्या काठीने मोजायचं असतं. नऊ वर्षांत त्याने ते कधी चुकवलं नव्हतं. या वेळी चुकवलं.

अर्धकच्ची बिअर तीस मोठ्या बाटल्यांत गेली. वर रिवाजाप्रमाणे फेसासाठी साखरही पडली. बाटल्या डेसकडे पोचल्या, त्याच्या कपडे धुवायच्या खोलीत, भर उन्हाळ्यात. उबेने यीस्ट जागं झालं, उरलेली साखर खाऊन गॅस करत सुटलं आणि अठरा तारखेला बाटल्या फुटायला लागल्या. एक, दोन, मग अकरा! मर्ल मिनिटभर आधीच तिथून कपडे घेऊन बाहेर पडली होती.

डेस शेडमध्ये आला तेव्हा त्याच्या चपलेला काच चिकटली होती.

"व्हर्न, असं कसं झालं रे? गारवा कमी-जास्त झाला होता का मध्येच?"

व्हर्नने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. कोळंबी म्हणेल, हसेल, माफी मागेल, डेस चार शिव्या घालेल आणि विषय संपेल.

"हो... म्हणजे... जुना झालाय रे तो," व्हर्न म्हणाला. "डबा हल्ली काहीबाहीच दाखवतो."

चोर सोडून संन्याशाला सुळी! माझ्यावर आळ आला, तो मी एक वेळ गिळला असता. पण डेसकडे बघवेना. तो हलक्या आवाजात म्हणाला, "डबा मी जोडला होता."

"तसं नाही म्हणत मी..."

"बर्फाच्या पाण्यात नाक बुडवून बघू या का? बरोबर शून्य दाखवायला हवं. पाच मिनिटांचं काम."

मित्रांनो, माझ्या सगळ्या आशा त्या एका पेलाभर बर्फावर होत्या! दाखवलं असतं मी शून्य. चोख दाखवलं असतं.

"कशाला उगाच, डेस? जाऊ दे. होतं असं कधीकधी," व्हर्न म्हणाला आणि त्याने हात लांब करून माझा प्लग काढला.

डेस गेल्यावर दारात उभी असलेली कोरल म्हणाली, "सांग त्याला. हवं तर म्हण, कोळंबी माझी होती."

"आता सांगून काय बाटल्या जोडल्या जाणार आहेत?"

"बाटल्यांचं कोण बोलतंय, व्हर्न?"

"सांगतो ग. वेळ बघून सांगतो." त्यानंतर ती वेळ आली नाही.

आठवड्याभराने डेस पुन्हा आला. हातात त्याची चामड्याची पिशवी. पक्कड, पेचकस, मीटर, सगळं आत. "कोपऱ्यावरच्या बाईंनी पंखा जोडायला बोलावलं होतं. नाही म्हणून आलो," तो म्हणाला. "मर्ल थोडक्यात वाचली. माझ्या हातून उद्या कुणाचं घर पेटायला नको. हे तूच ठेव."

मी वाट पाहिली. कोरलने खिडकीतून पाहिलं. मग व्हर्नने हात पुढे केला आणि पिशवी घेतली.

ती त्याने माझ्याच पोटात ठेवली आणि दार लावलं. आता मला वीज नाही, थंडी नाही. डबा अजून माझ्या कुशीला आहे, वायरी तशाच घट्ट आहेत.

मित्रांनो, मला पुसा, माझ्या दाराचं रबर बदला, असलं काही मी मागत नाही. चुका सगळ्यांच्या होतात, त्या तुमच्याही होतील. पण मुक्या वस्तूवर खापर फोडाल तेव्हा आधी एवढं बघा, की ती कुणाच्या हातची आहे. आणि तुमच्यापैकी कुणी आमच्या गल्लीत आलंच, तर कुंपणापलीकडे एक म्हातारा हात मांडीवर दाबून बसलेला दिसेल. त्याला माझा निरोप सांगा, की तुझा डबा एका अंशानेही चुकला नव्हता.