राजाची तिसरी घंटा

आमच्या लातूरच्या नाट्यमंडळात प्रत्येक मोठी भूमिका दोघं पाठ करतात, एक लातूरचा आणि एक नांदेडकडचा. मोसमाआधी एका रविवारी दुपारी लोकांसमोर खुली तालीम होते. तिसऱ्या घंटेला जो तोंड रंगवून, वेश चढवून तयार उभा असेल, त्याची ती भूमिका वर्षभर; दोघंही तयार असले तर वयानं मोठ्याची. नियम सरळ आहे. पण राजाच्या बाबतीत तो कधी पाळला गेला नाही, कारण राजा म्हणजे आमचे वैजनाथराव आणि घंटेचं बटण माझ्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातात. ते येऊन तयार झाल्याशिवाय घंटा होत नसे आणि लोकही खुशाल थांबत.

यंदा एक संगीत, एक हे राजाचं ऐतिहासिक आणि दोन आजकालची नाटकं ठरली होती. नांदेडकडच्या लोह्याचा अंगद दर मोसमाला राजा पाठ करून एसटीनं यायचा आणि शेवटी भालदार होऊन कोपऱ्यात उभा राहायचा. यंदा त्यानं मला आधीच सांगून टाकलं.

"वैनी, औंदाबी न्हाई झालं तर मी नाटक सोडतो. दर साली घरी काय सांगावं?"

दुसरी घंटा झाली तेव्हा अंगद राजाच्या वेशात विंगेत उभा होता. वैजनाथराव नांदेडला कुणाच्या तरी सत्काराचं सूत्रसंचालन करायला गेलेले. मी फोन लावला.

"चाकूर सोडलं बघ. लोकायला चहा पाजा तवर," ते आरामात म्हणाले.

चहा पाजून झाला. लोक खुर्च्या वाजवायला लागले. आमची दिग्दर्शक अंबिका दोनदा येऊन गेली. "थांबायचं का अजून, शिल्पाताई?" ती मला बायको म्हणून विचारत होती, घंटेवरची बाई म्हणून नाही. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात फाटकात ओळखीचा हॉर्न वाजला. अंगदनं तो ऐकला आणि कुणी काही न सांगता डोक्यावरचा मंदील सोडायला लागला.

"ठेव तो डोक्यावर," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

पडदा वर गेला. वैजनाथराव मागच्या दारानं धापा टाकत आत आले.

"घंटा कुणी दिली?"

"म्या."

"मी दारात होतो की गं."

"नियम दाराचा न्हाई, तयारीचा हाय."

बोलले खरी, पण धाकधूक होतीच. अंगद फसला असता तर मी दोघांचंही वाटोळं केलं असतं.

मुलगा फितूर झाल्याचं राजाला कळतं, तो प्रसंग आला. अंगद पुढे आला, दरवाजाकडे बघितलं आणि गप्प झाला. गप्पच राहिला. मी देव आठवायला लागले. वैजनाथरावांना राहवेना. त्यांनी विंगेतून ओळ दिली आणि ती त्यांच्या नेहमीच्या खड्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत.

"दार लावून घ्या. तो आमचा कुणी नाही."

लोकांनी आवाज ओळखला आणि टाळ्या पिटल्या. राजाच्या वेशातला पोरगा त्या दुसऱ्याच्या टाळ्या संपायची वाट बघत उभा होता. मला वैजनाथरावांचा असा राग कधी आला नव्हता.

टाळ्या थांबल्यावर अंगदनं तीच ओळ म्हटली. ओरडला नाही. घरातल्या माणसाला सांगावं तशी हळू म्हटली आणि 'कुणी नाही' म्हणताना त्याला बोलवेना. सभागृहात कुणी हललं नाही.

"तो इसरला न्हवता?" वैजनाथरावांनी विचारलं.

"न्हाई. थांबला होता."

ते कपड्यांच्या पेटीवर बसले. त्यांचा राजा गेला होता आणि तो मी घालवला होता. मला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही.

"औंदा मला काय हाय मग?"

"आजकालच्या नाटकात म्हातारा बाप हाय. येळेवर यावं लागंल."

प्रवेश संपवून अंगद आत येत होता. अंगरखा पेटीला अडेल म्हणून वैजनाथराव उठले, पेटी बाजूला ओढली आणि त्याला वाट करून दिली.