दिलगिरीचं बटण

मी एक जुना कीबोर्ड आहे. सध्या माझा मुक्काम एका कचेरीच्या अडगळीच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात असतो. माझ्याखाली तारांचा गुंता आहे आणि वर एक बंद पडलेला टेबलफॅन. तक्रार म्हणून सांगत नाही, मित्रांनो. नुसता पत्ता सांगितला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे यंत्रं माझ्यासारखे कीबोर्ड धडाधड बाहेर काढत होती आणि शेवटच्या टेबलाशी बसलेल्या एक बाई प्रत्येकाचं एकेक बटण दाबून बघत होत्या. माझीही सगळी बटणं त्यांनी दाबली, मान हलवली आणि मला पिशवीत सरकवलं. इतक्या काळजीने मला पुन्हा कुणी तपासलं नाही.

तिथून मी आलो एका कंपनीच्या मदत विभागात. ही कंपनी लोकांचे ब्लॉग सांभाळायची. लोक आपल्या मनातलं लिहीत आणि ते इंटरनेटवर सगळ्यांना वाचता येईल असं ठेवायची जबाबदारी कंपनीची. कुणाचं काही अडलं की तो पडद्याच्या कोपऱ्यातल्या चॅटच्या चौकटीत प्रश्न विचारी. त्याला वाटे, आपण कंपनीशी बोलतोय. खरं तर तो एका माणसाशी बोलत असे, आणि त्या माणसाचा चहा शेजारी गार होत असे.

सकाळच्या पाळीला माझ्यासमोर एक ताई बसायच्या. समोरच्याचं म्हणणं त्या नेहमी पुटपुटत वाचायच्या, म्हणून मलाही सगळं कळायचं. बहुतेकांचा पासवर्ड हरवलेला असे. एका गृहस्थांनी विचारलं होतं, "माझा ब्लॉग कुणीच वाचत नाही, तुमच्याकडे काही बिघाड आहे का?" ताईंनी लिहिलं, "बिघाड आमच्याकडे नाही." मग ते पुसलं आणि पाठवलं, "तपासून सांगते."

हे पुसलेलं फक्त मलाच ठाऊक असतं. पडद्यावर शेवटी उरतं ते लोक वाचतात. रागाने लिहिलेलं, खरं लिहिलेलं, अर्ध्यावर सोडलेलं माझ्या अंगावरून जातं आणि नाहीसं होतं. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. कीबोर्डला तोंड नसतं, हेही त्याचं एक कारण आहे.

माझी तारीफही झाली. चहा सांडला, बिस्किटांचा चुरा फटींत गेला, एकदा तर मी टेबलावरून खाली पडलो, तरी माझं एकही बटण रुसलं नाही. आमचे साहेब म्हणायचे, "बाकीचे कीबोर्ड नाजूक, हा आपला दणकट." पुढे पातळ, चकचकीत कीबोर्ड आले. चॅटमध्ये पहिली उत्तरं आपोआप जाऊ लागली. माझी तार कुणीतरी उपटली आणि मला खोक्यात टाकलं. त्याचं फार दुःख करण्यात अर्थ नाही. सांगायची आहे ती त्याआधीची एक गोष्ट.

आमच्याकडे रोज तेच तेच लिहावं लागे, म्हणून माझ्या वरच्या रांगेतल्या बटणांना तयार उत्तरं जोडलेली होती. बटणांवर चिकटपट्टीने कागदाचे तुकडे लावले होते: नमस्कार, थांबा, दिलगीर, निरोप. 'दिलगीर' दाबलं की कंपनीला वाईट वाटल्याचं छापील वाक्य जाई. 'निरोप' दाबलं की "आपलं काम झालं याचा आम्हाला आनंद आहे. आपला दिवस छान जावो," असं जाई आणि संवाद आपोआप बंद होई. एकदा बंद झाला की तो माणूस कुठला, कोण, काही हाती राहत नसे.

संध्याकाळच्या पाळीला त्याच खुर्चीत एक दादा बसायचा. त्याला दिलगिरीपेक्षा निरोप जास्त लागे. म्हणून एका संध्याकाळी त्याने संगणकात दोन्ही बटणांची अदलाबदल केली. वरचे कागदही बदलणार होता, पण चिकटपट्टी संपली होती. उद्या लावू म्हणून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. त्या आठवड्यात विभागात नुसती धांदल होती, कारण कंपनी तिची सगळ्यात जुनी सेवा बंद करत होती. शुक्रवारी त्या सेवेवरचे सगळे ब्लॉग कायमचे पुसले जाणार होते. ज्यांना हवी त्यांनी आपल्या लिखाणाची प्रत मागून घ्यावी, अशी पिवळी पट्टी प्रत्येक ब्लॉगवर लावली होती.

ती पट्टी बघून एक आजोबा चॅटवर आले. ताई पुटपुटत वाचू लागल्या.

"ताई, हा ब्लॉग माझ्या बायकोचा आहे. चपलांच्या दुकानात ती आयुष्यभर काउंटरवर होती. आलेल्या गिऱ्हाइकांवर लिहायची. मला त्याची प्रत हवी."

ताईंनी विचारलं, "त्यांनाच प्रत मागायला सांगाल का, आजोबा?"

"ती गेली. होती तोवर मी एकही लेख वाचला नाही. निवांत वाचू म्हणायचो. आता पहिल्यापासून ओळीने वाचतोय. रोज सकाळी चहाबरोबर एक, पुरवून पुरवून. आज 'डावा बूट घट्ट होणारे गृहस्थ' वाचला. एकदम सगळे वाचून संपवायची हिंमत होत नाही."

ताईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं, कारण त्यांची बोटं थोडा वेळ माझ्यावर नुसतीच टेकून राहिली. मग त्यांनी 'दिलगीर' असा कागद लावलेलं बटण दाबलं.

आजोबांना उत्तर गेलं, "आपलं काम झालं याचा आम्हाला आनंद आहे. आपला दिवस छान जावो." आणि संवाद बंद झाला.

ताई उठून थेट साहेबांच्या टेबलाशी गेल्या.

"साहेब, प्रत कुठे पाठवायची तो पत्ता घ्यायचा राहिला. आणि मधेच चॅट बंद झालं."

"परत येतील की ते. तेव्हा घ्या."

"नाही येणार. काम झालं असं आपणच कळवलंय त्यांना. ते आता निवांत बसतील आणि शुक्रवारी सगळं पुसलं जाईल."

"मग आपल्याच इथे काढून ठेवा ना प्रत."

"घरच्यांची मागणी नोंदवल्याशिवाय निघतच नाही. तुम्हीच सांगितलंय तसं."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मी तरी कुठून शोधून आणू त्यांना?"

ताई परत येऊन बसल्या. आजोबांनी सांगितलेल्या लेखाच्या नावावरून त्यांनी आजींचा ब्लॉग शोधून उघडला. ब्लॉगवर सगळ्यात नवा लेख सगळ्यात वर असतो, त्यामुळे आजींचा शेवटचा लेखच आधी समोर आला. तो त्यांनी वाचला, पण या वेळी ओठ हलवले नाहीत. मग त्या खाली गेल्या. प्रत्येक लेखाखाली वाचणाऱ्यांनी चार शब्द लिहावेत म्हणून जागा होती आणि आजींनी ती सगळ्यांना खुली ठेवली होती.

शेवटच्या लेखाखाली लिहून उपयोग नव्हता. आजोबा तिथवर इतक्यात पोचणार नव्हते. ताईंनी डाव्या बुटाचा लेख शोधला. त्याच्या पुढचा लेख होता 'जोडीने न आलेल्या चपला'. गुरुवारी सकाळी आजोबा तोच उघडणार, हे नक्की होतं.

त्याखाली त्या लिहू लागल्या. आधी लिहिलं, "तांत्रिक अडचणीमुळे". ते पुसलं. मग "माझी चूक नव्हती, पण". तेही पुसलं. आजोबा ते गुरुवारी वाचणार, हे धरून शेवटी पाठवलं ते असं: "आजोबा, मी मदत विभागातली. काल तुम्हाला चुकीचं उत्तर गेलं. तुमचं काम अजून झालेलं नाही. हे वाचलंत की लगेच चॅटवर या आणि तुमचा ईमेलचा पत्ता द्या. उद्या ब्लॉग पुसला जाईल."

गिऱ्हाइकाच्या ब्लॉगवर आपण काही लिहायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. साहेब मागून आले, पडद्याकडे बघितलं आणि पुढे गेले. संध्याकाळी दादा आला तेव्हा ताईंनी त्याच्या हातात चिकटपट्टीचं नवं भेंडोळं ठेवलं. त्याची मान खाली गेली आणि आधी त्याने कागद बदलले.

गुरुवारी ताई वेळेआधी आल्या. इतरांचे पासवर्ड शोधून देताना त्यांचं अर्धं लक्ष भलतीकडेच होतं. एका बाईंना त्यांनी दोनदा नमस्कार केला. चहाची वेळ टळून गेली आणि मग चौकटीत ओळ आली.

"ताई, तुमची चिठ्ठी मिळाली. आज उठायला उशीर झाला. चपलांचा लेख फार आवडला."

ताईंनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. पत्ता घेतला, मागणी नोंदवली, आणि प्रत पोचल्याचं आजोबांनी कळवेपर्यंत जागेवरून हलल्या नाहीत. त्या सबंध संवादात त्यांनी तयार उत्तराचं एकही बटण दाबलं नाही. माझ्या साध्या अक्षरांना तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो.

शेवटी आजोबांनी विचारलं, "तुम्ही शोधताना तिचा शेवटचा लेख वाचलात का? कसा आहे?"

ताईंनी लिहिलं, "वाचला. तुम्ही एक दिवस वाचाल हे त्यांना माहीत होतं. शेवटी त्यांनी तुम्हाला 'अहो' म्हणून हाक मारली आहे."

पाठवायच्या बटणावर बोट गेलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी एकेक अक्षर पुसलं आणि पाठवलं, "नाही वाचला, आजोबा. तो तुमचा आहे. सावकाश वाचा."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्यावर चहा सांडू नका, असं मी सांगणार होतो. ते राहू द्या. तुमच्या घरात कुणी काही लिहीत असेल, तर ते आजच वाचा आणि कसं वाटलं ते त्यांना सांगा. लिहिलेलं पुढेही वाचायला मिळेल, आजोबांनाही मिळालं. पण लेख आवडला, हे आजींना सांगायचं राहिलं; ते त्यांनी शेवटी माझ्यासमोरच्या ताईंना सांगितलं.